पुराआधीचा की पुरानंतरचा?

जुने फोटो स्कॅन करण्यात मशीनचं काम फार थोडं. काच पुसायची, फोटो उपडा ठेवायचा, झाकण लावायचं. दोन बाय तीन इंचांचा फोटो 600 डीपीआयवर घेतला की चार बाय सहाची प्रिंट झकास निघते. वेळ जातो तो शेजारी बसलेल्या माणसाला बोलतं करण्यात. आमच्याकडे ते माणूस म्हणजे आत्या.

‘हे कोण?’ असं विचारलं की आत्या नाव सांगते आणि पुढचा फोटो मागते. म्हणून मी माणसं सोडून वस्तूंबद्दल विचारते. एका फोटोत आजी खुर्चीत ताठ बसली आहे, शेजारी स्टुलावर रेडिओ, त्यावर क्रोशाचा रुमाल.

“आत्या, हा रेडिओ कधी घेतला गं?”

“आपला कुठला! समोरच्या बिऱ्हाडातला. फोटोपुरता उचलून आणला होता. वायर बघ, लावलीय का कुठे?”

स्क्रीनवर मोठं करून पाहिलं. वायर स्टुलाच्या पायाशी नीट गुंडाळून ठेवलेली. तेव्हा रेडिओला पोस्टातून लायसन्स काढावं लागे, दरवर्षी पैसे भरावे लागत. आजोबांच्या पगारात ते बसणारं नव्हतं. “खुर्चीपण त्यांचीच,” आत्याने जाता जाता सांगून टाकलं.

लग्नाचे अल्बम मला कंटाळवाणे वाटतात. सगळे रांगेत, सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव. रोजच्या जगण्याचे फोटो मात्र कमी, कारण तेव्हाच्या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो निघत. मग त्यातला एक कुणी गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर का घालवावा? मी मोठ्या कौतुकाने विचारलं. काका म्हणाले, “रोल संपवायचा होता. त्याशिवाय धुवायला कसा टाकणार?” चला! पण त्या उरलेल्या एका फोटोमुळे वाड्याची गच्ची आम्हाला बघायला मिळाली. नदीकाठचा तो वाडा पुरात पडला.

पूर म्हणजे पानशेतचं धरण फुटून पुण्यात आलेला, 12 जुलै 1961चा. आमच्या घरात फोटोला साल नसतं. पुराआधीचा की पुरानंतरचा, एवढंच असतं. आत्या आणि काका यावरून हटकून भांडतात. काकांचा पुरावा म्हणजे त्यांची हाफ पँट, आत्याचा म्हणजे मागे दिसणारा वाड्याचा लाकडी जिना. बहुतेक वेळा जिना जिंकतो.

घरच्या ट्रंकेतले फोटो त्या दिवशी गेले. आज आमच्याकडे पुराआधीचे जे आहेत, ते सगळे सातारच्या मावसआजीकडून परत आलेले. पोस्टाने पाठवलेले, म्हणून त्यांच्या पाठीवर मजकूरही आहे: कोण, कुठे, बाळ किती महिन्यांचं, उजवीकडची ती कोणाची सून. घरात राहिलेल्या फोटोंवर कोण कशाला लिहील? सगळ्यांना सगळे ठाऊकच होते. पुरानंतरचे फोटो अगदी कोरडे, स्वच्छ आहेत, पण पाठ कोरी. त्यांतल्या निम्म्या लोकांना आता आत्याही ओळखत नाही. थोडक्यात, जे वाटले तेच वाचले, आणि वाटायचे होते म्हणूनच त्यांच्यावर लिहिलं गेलं.

मुंबईच्या अनुषा यादव यांनी 2010मध्ये सुरू केलेल्या ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’मध्ये फोटोसोबत त्याची हकिगतही मागतात, ती याचसाठी असावी. नुसते फोटो जुन्या बाजारातसुद्धा मिळतात. हकिगत फक्त घरच्यांकडेच मिळते.

तेव्हा एवढं करा. कृष्णधवल फोटोच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने नावं लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. ग्रुपवर टाकताना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअॅप त्याला दाबून बारीक करतं. आणि सोबत चार ओळी लिहा, रेडिओ कोणाचा होता तेसुद्धा.