डबा रिकामा केला, पण...

सासूबाई गेल्यावर त्यांचा औषधांचा डबा आवरला. पोरांच्या हाती लागायला नकोत म्हणून उरलेल्या गोळ्या संडासात टाकून वर बादलीभर पाणी ओतलं. सुटले, वाटलं!

पण सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प मुख्यतः मैला काढतात; विरघळलेली कितीतरी औषधं तशीच नदीत जातात. कारखान्यांचं तर विचारूच नका. हैदराबादजवळ पाटनचेरूला औषध कारखान्यांच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यातही लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन सापडल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. अशा पाण्यात जंतू औषधाला सरावतात. मग आपलं लेकरू आजारी पडलं, की तीच गोळी लागू पडत नाही.

कारखाने आपल्या हातात नाहीत, मैत्रिणींनो, डबा आहे. मी आता डॉक्टरांनी लिहिल्यात तेवढ्याच गोळ्या घेते, कोर्स पुरा करते. तरी उरल्याच, तर दुकानदाराला विचारते, ‘भाऊ, परत घेता का?’