चाकाचे माप

लालबाग-परळच्या खड्ड्यांत डोंगरी सायकलचे चाक वाकले, की आम्ही दुकानात जाऊन ‘२६ इंची द्या’ म्हणतो. फसगत होते ती येथेच. २६ × १ ३/८ च्या साध्या सायकलीची रिम ५९० मिलिमीटर व्यासाची, तर २६ इंची डोंगरी सायकलीची ५५९. इंच एक, चाके दोन! म्हणून टायरच्या कडेवरील ‘५०-५५९’ असा आकडा वाचावा. पहिला रुंदीचा, दुसरा रिमचा. मग हब, म्हणजे चाकाचा तुंबा. मागच्या चिमट्यातील अंतर जुन्या डोंगरी सायकलींत बहुधा १३५ मिलिमीटर, अनेक नव्यांत १४२ किंवा १४८ असते. हब तेवढाच हवा. डिस्क व गिअरचक्रे त्यावर बसतात ना, हेही पाहावे. चिमटा ताणून चाक कोंबू नये. पुलाच्या उतारावर आपला जीव त्या चाकावरच असतो.