सापाची लस घोड्याच्या रक्तातून, चाचणी उंदरावर: हे योग्य आहे का?

पावसाळा लागला की रेणापूरच्या शिवारात सोयाबीन, तुरीच्या पेरणीची आणि मग खुरपणीची धांदल उडते. बिळांत पाणी शिरल्याने साप बाहेर पडण्याचे दिवसही हेच. कोणाला नाग किंवा घोणस चावली, तर जीव वाचवणारं खात्रीचं औषध एकच आहे: दवाखान्यात मिळणारी अँटी स्नेक व्हेनम, म्हणजेच 'सापाची लस'.

ही लस घोड्याच्या रक्तापासून बनते आणि ती चालते की नाही, हे उंदरांवर तपासलं जातं. 'प्राण्यांवरचे प्रयोग बंद करा' अशी पोस्ट आपण सहज शेअर करतो. पण सापाच्या लसीचं काय करायचं? हे नीट समजून घेऊया.

लस तयार कशी होते?

भारतात माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. या चौघांचं विष अगदी थोड्या प्रमाणात घोड्याला टोचतात. काही आठवडे मात्रा हळूहळू वाढवत नेतात. घोडा मरत नाही, पण त्याच्या रक्तात विषाशी लढणारी प्रतिपिंडं तयार होतात. मग रक्त काढून ती वेगळी करतात, शुद्ध करतात आणि कुपीत भरतात. ही पद्धत १८९० च्या दशकात सुरू झाली. आपल्या राज्यात 'हाफकिन'चं नाव या लसीशी जोडलेलं आहे.

घोड्याला याची किंमत मोजावी लागते. टोचलेल्या जागी सूज येते, जखमा होतात. रक्त काढताना काळजी घेतली नाही, तर जनावर अशक्त होतं.

उंदीर कशासाठी लागतात?

नियमानुसार १ मिली लसीने नागाचं आणि घोणसीचं प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यार आणि फुरशाचं प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी केलं पाहिजे. हे तपासायला आधी किती विषाने निम्मे उंदीर मरतात ते मोजतात. मग विष आणि लस एकत्र करून उंदरांना टोचतात आणि किती जगले ते पाहतात. यात काही उंदीर मरणार, हे आधीपासूनच ठरलेलं असतं.

दुसऱ्या बाजूला माणसं आहेत. २००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख लोक गेले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले बहुतेक खेड्यातले. कमी ताकदीची लस तपासणीविना बाजारात आली, तर तिचा पहिला प्रयोग होईल तो चावलेल्या शेतमजुरावर.

कायदा काय सांगतो?

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा जीव वाचवण्यासाठी किंवा रोगाशी लढण्यासाठी होणाऱ्या प्रयोगांना परवानगी देतो, पण अटी घालून. प्रयोग टाळता येत असेल तर टाळायचा. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घ्यायचा नाही. केवळ हात बसावा म्हणून प्राणी कापायचा नाही. प्रयोगाआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते.

यामागचा विचार १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तीन सूत्रांत मांडला: शक्य तिथे दुसरा मार्ग वापरा, प्राण्यांची संख्या घटवा, त्यांचा त्रास कमी करा.

हीच कसोटी लावून भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी बंद केली. लिपस्टिकसाठी सशाचे डोळे जाळण्याची गरज नव्हती, दुसरे मार्ग उपलब्ध होते. २०२३ मध्ये औषध चाचणीच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि नव्या औषधांसाठी पेशींवरच्या व संगणकावर आधारित चाचण्यांनाही जागा मिळाली.

मग सापाच्या लसीला पर्याय का नाही?

प्रतिपिंडं विषाला चिकटतात का, हे काचेच्या नळीत पाहता येतं. कमकुवत लस तिथेच बाजूला काढली, तर कितीतरी उंदीर वाचतात. पण विषात अनेक घटक असतात. कोणी रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतं, कोणी श्वास थांबवतं. हे सगळं एकाच वेळी थांबलं का, हे खात्रीने सांगणारी आणि सर्वत्र मान्य झालेली दुसरी चाचणी अजून नाही.

खरा पेच पुढे आहे. देशातल्या लसींसाठी लागणारं बहुतेक विष तामिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येतं. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं, त्यामुळे काही भागांत लस कमी पडते, असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधनातून दिसलं आहे. प्रत्येक भागाला त्याच्या सापांप्रमाणे लस हवी असेल, तर आज तरी आणखी घोडे आणि आणखी उंदीर लागतील.

म्हणून 'सगळे प्रयोग बंद' आणि 'माणसासाठी सगळं चालतं' ही दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. लसीमुळे माणूस वाचतो, पण म्हणून उंदराची वेदना नाहीशी होत नाही. जिथे पर्याय नाही तिथेच प्राणी वापरायचे, कमीत कमी वापरायचे, त्यांना वेदनाशामक द्यायचं आणि पर्याय शोधायला पैसा द्यायचा. एवढं मागणं आपण सरकारकडे आणि कंपन्यांकडे करू शकतो.

एक गोष्ट आपल्याही हातात आहे. विषबाधेची लक्षणं असलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच साधारण १० कुप्या लागतात. रात्री शेतात जाताना बॅटरी आणि बूट वापरले, तर दंशच टळू शकतो. आणि साप चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठा. उशीर झाला, तर इतक्या जिवांच्या किमतीवर बनलेली लसही हतबल ठरते.