आधी वेबसाइटची गळती थांबवा, मग जाहिरातीला पैसे लावा



"वेबसाइट तर बनवली, पण गिऱ्हाईकच येत नाही. आता जाहिरात करू का?" नवीन धंदा सुरू केलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा हा प्रश्न असतो. मोराची चिंचोलीतलं कृषी पर्यटन असो, केडगावकडचं गुऱ्हाळ असो, नाहीतर रांजणगाव एमआयडीसीला माल पुरवणारं छोटं वर्कशॉप, अडचण सगळीकडे सारखीच. व्हिडिओत आपण मुद्दे झटपट पाहिले. इथे ते शिरूर-दौंडची उदाहरणं घेऊन नीट समजून घेऊ.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. रांजण फुटका असेल तर विहीर कितीही जवळ असली तरी घरात पाणी टिकत नाही. जाहिरात म्हणजे पाणी ओतणं आणि वेबसाइट म्हणजे रांजण. म्हणून आधी रांजण बुजवायचा.

हिशेब करून बघा

समजा, तुम्ही जाहिरातीवर ५,००० रुपये खर्च केले आणि एका क्लिकला ५ रुपये पडले. म्हणजे १,००० माणसं तुमच्या वेबसाइटवर आली. त्यातल्या १० जणांनी फोन केला, तर एक फोन ५०० रुपयांना पडला. आता जाहिरात तीच, पैसे तेवढेच, फक्त वेबसाइट सुधारली आणि ३० जणांनी फोन केला, तर तोच फोन साधारण १६७ रुपयांना पडतो. आकडे समजण्यासाठी धरलेत, पण गणित खरं आहे. सुधारणेचा खर्च एकदाच होतो, जाहिरातीचा मात्र दर महिन्याला. छोट्या भांडवलाच्या धंद्यात हा फरक नफा आणि तोटा ठरवतो.

१. गिऱ्हाईक कोणत्या नावाने शोधतं?

तुम्ही वेबसाइटवर नुसतं "शिरूर" लिहिलंय का? मग गूगलने कोणतं शिरूर समजायचं? बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे. आपलं शिरूर जुन्या लोकांच्या तोंडी "घोडनदी" आहे. म्हणून पत्ता लिहिताना "शिरूर (घोडनदी), जि. पुणे" असा पूर्ण लिहा. पुण्याहून येणारा माणूस "नगर रोड" म्हणतो, तेही लिहा. नगर जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण शोधताना बरेच जण अजून जुनंच नाव टाकतात. वाक्यात दोन्ही नावं सहज बसतात.

चिंचोली नावाची गावंही महाराष्ट्रात कितीतरी आहेत, त्यामुळे "मोराची चिंचोली, ता. शिरूर" असंच पूर्ण लिहा. आणखी एक गोष्ट, बरेच जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. गावाचं आणि धंद्याचं नाव पानावर दोन्ही लिपींत एकेकदा तरी असू द्या. पण तोच शब्द वीस वेळा कोंबू नका. वाचणारा कंटाळतो आणि गूगललाही ते चालत नाही.

२. गिऱ्हाईकाच्या प्रश्नाचं पान बनवा

लोक धंद्याचं नाव नंतर शोधतात, आधी स्वतःची अडचण शोधतात. सिद्धटेकचंच बघा. देवस्थान अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, पण रेल्वेने येणारा भाविक उतरतो दौंडला. तुमची दौंडमध्ये खानावळ किंवा लॉज असेल, तर "दौंड स्टेशनवरून सिद्धटेकला कसं जायचं" असं एक साधं पान लिहा. गाडी कुठून मिळते, साधारण किती वेळ लागतो, परतीला उशीर झाला तर काय करायचं, हे सगळं सांगा. दौंड जंक्शन आणि दौंड कॉर्ड लाइन ही दोन वेगळी स्थानकं आहेत, हेही सांगा. बाहेरच्या माणसाचा तिथेच गोंधळ होतो. ज्याने वाट दाखवली, त्याच्याकडे माणूस जेवायलाही थांबतो.

वर्कशॉपवाल्यांनो, तुमच्यासाठीही हेच आहे. कंपनीच्या खरेदी विभागातल्या माणसाला "आमची उज्ज्वल परंपरा" वाचायची नसते. कोणती मशीन आहे, किती जाडीच्या पत्र्याचं काम होतं, जॉब किती दिवसांत मिळतो, जीएसटी बिल मिळेल का, एवढंच त्याला हवं असतं. ते पहिल्या पानावर आणा.

३. पहिल्या स्क्रीनवर पाच उत्तरं

मोबाईलवर वेबसाइट उघडल्यावर बोट न सरकवता जेवढं दिसतं, तो तुमच्या दुकानाचा दर्शनी भाग. तिथे ही पाच उत्तरं हवीत:

- तुम्ही काय देता?
- कुठे आहात?
- दर काय, किंवा कितीपासून सुरू?
- कधी चालू असतं?
- आता पुढे काय करायचं? (फोन किंवा व्हॉट्सॲपचं बटण)

"दरासाठी संपर्क करा" एवढंच लिहिलं की निम्मी माणसं संपर्क न करताच जातात. पूर्ण दरपत्रक द्यायचं नसेल तर "एका दिवसाची सहल, नाश्ता आणि जेवणासह, माणशी इतक्यापासून" असं तरी लिहा.

४. वेग: गिऱ्हाईक ओट्यावर ताटकळत बसत नाही

गूगलने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असं दिसलं, की पान उघडायला ३ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर मोबाईलवरच्या ५३ टक्के भेटी तिथेच संपतात. गूगलचा आजचा निकष असा, की पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. आपल्याकडे वाडीवस्तीवर नेटवर्क कसं असतं, हे वेगळं सांगायला नको.

वेबसाइट जड होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे फोटो. मोबाईलने काढलेला फोटो कित्येक एमबीचा असतो आणि तसाच चढवला जातो. तो आधी लहान करा आणि वेबपी प्रकारात साठवा. सरकत राहणारे पाच-पाच मोठे बॅनर काढा, एकच चांगला फोटो ठेवा. गूगलच्या "पेजस्पीड इनसाइट्स" या मोफत साधनात तुमचा पत्ता टाकलात, की काय जड आहे ते दिसतं. सोबत वेबसाइटला एसएसएल आहे ना, तेही बघा. ते नसेल तर जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर "सुरक्षित नाही" असा शेरा दाखवतो. तो बघून पैसे कोण भरणार?

५. खरं तेच दाखवा

मोराची चिंचोलीच्या धंद्यात हा मुद्दा सगळ्यात नाजूक आहे. वेबसाइटवर पिसारा फुलवलेल्या मोराचा मोठा फोटो असतो. पण मोराचा पिसारा पावसाळा संपता संपता गळतो आणि पुन्हा वाढायला काही महिने लागतात. फोटो बघून हिवाळ्यात आलेलं कुटुंब पिसारा शोधत बसतं आणि नाराज होऊन जातं. ती नाराजी मग गूगलवर एका स्टारच्या रूपाने उतरते.

त्यापेक्षा सरळ लिहा: "मोर सकाळी लवकर आणि संध्याकाळी जास्त दिसतात. नाच बघायचा तर पावसाळ्यात या. हिवाळ्यात पिसारा नसतो, पण हुरडा, बैलगाडी आणि शेतातलं जेवण आहे." असं लिहिल्याने एखादं गिऱ्हाईक कमी होईल, पण आलेलं समाधानाने जाईल. मोर हा कायद्याने संरक्षित पक्षी आहे, तेव्हा त्याच्या मागे न धावण्याची सूचनाही तिथेच द्या. पर्यटन संचालनालयाकडे कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी केली असेल, तर त्या प्रमाणपत्राचा फोटो लावा.

गूळवाल्यांचंही असंच. नुसतं "शुद्ध, नैसर्गिक" सगळेच लिहितात. तुम्ही चुलवाणापासून ढेपेपर्यंतचे चार स्वतः काढलेले फोटो दाखवा. रस गाळताना काय वापरता ते लिहा. गूळ गडद का दिसतो, हे दोन ओळींत समजावा. एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक ठळक द्या. "सेंद्रिय" म्हणायचं असेल तर प्रमाणपत्र हवंच.

६. आलेला माणूस परत का येईल?

वर्षभर तीच पानं असतील तर परत यायचं कारणच काय? दर १५ दिवसांनी एक ताजी गोष्ट टाका. "या आठवड्यात काकवी तयार आहे", "हुरडा सुरू झाला", "पावसाने रस्ता खराब आहे, या बाजूने या." शेवटची सूचना तर सोन्यासारखी, कारण ती दुसरं कुणी देत नाही.

फोन करणाऱ्याला विचारून, त्याची परवानगी घेऊन, व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत घ्या. लक्षात ठेवा, त्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला असेल तरच तो संदेश त्याला पोहोचतो. म्हणून बिलावर "आमचा नंबर सेव्ह करा" असं लिहा. आणि रोज सुप्रभात पाठवू नका, नाहीतर ब्लॉक व्हाल.

७. घर स्वतःचं असू द्या

गूगल बिझनेस प्रोफाइलवर पूर्वी फुकट वेबसाइट बनवता यायची. अनेक छोट्या दुकानदारांनी बनवल्या. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या सगळ्या बंद केल्या. १० जून २०२४ पर्यंत जुन्या पत्त्यावरून गिऱ्हाईक प्रोफाइलवर वळवलं जात होतं, नंतर तेही थांबलं. व्हिजिटिंग कार्डावर, टेम्पोवर, फलकावर तो पत्ता छापलेल्यांचं काय झालं असेल?

प्रोफाइल जरूर ठेवा. नकाशा, वेळ, फोटो आणि अभिप्राय यासाठी ते फार उपयोगी आहे. पण स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या, ते तुमच्याच ईमेल आणि मोबाईल नंबरवर नोंदवा, आणि नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नावावर डोमेन असेल, तर आजच ते आपल्या नावावर करून मागा.

८. मोजल्याशिवाय कळत नाही

"गूगल सर्च कन्सोल" मोफत आहे. लोक काय शोधताना तुमची वेबसाइट दिसली आणि किती जणांनी क्लिक केलं, ते तिथे कळतं. वाचायचं कसं, ते सोपं आहे:

- दिसते खूप वेळा, क्लिक कमी: पानाचं शीर्षक आणि खालची ओळ बदला.
- क्लिक भरपूर, फोन कमी: पहिला स्क्रीन, दर आणि वेग तपासा.
- दिसतच नाही: गावाचं पूर्ण नाव आणि गिऱ्हाईकाचे प्रश्न पानावर आणा.

प्रत्येक फोनला "आमचा पत्ता कुठून मिळाला?" एवढं विचारा आणि वहीत लिहा. महिनाभराची ही वही कुठल्याही महागड्या रिपोर्टपेक्षा जास्त शिकवते.

या आठवड्याचं काम

वेबसाइटबद्दल काहीच माहीत नसलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या हातात त्याचाच मोबाईल द्या. तुम्ही गप्प बसा. त्याला सांगा, "दर शोध, रस्ता शोध आणि फोन लाव." तो जिथे अडेल, तिथेच तुमचं गिऱ्हाईकही अडतंय. अशा तीन जागा लिहून काढा आणि रविवारपर्यंत त्यातली एक दुरुस्त करा. तिन्ही झाल्या की मग खुशाल जाहिरातीला पैसे लावा. सुरुवात ५०० रुपयांनीच करा, वहीत फोन मोजा, मग रक्कम वाढवा.

चला तर मग, मोबाईल काढा आणि आधी स्वतःचीच वेबसाइट गिऱ्हाईकाच्या नजरेने उघडा. पुढच्या व्हिडिओत भेटूच!