खाणीचा दगड शेजारच्या शेतात

एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७० साली सुरू झाला. जळलेल्या कोळशाची राख पाण्यात कालवून तळ्यात सोडतात, आणि ती वाळली की वाऱ्याला कुणाची हद्द ठाऊक नसते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. आज बोलायचे आहे ते मात्र दगडाविषयी. नाशिक तालुक्यात सारूळकडे डोंगर फोडून खडी काढतात. अशा खाणीला लागून तुमचा बांध असेल आणि दगड घरंगळत शेतात येत असेल, तर काय करावे?

आधी तो येतो कसा, हे पाहू. आपला काळा पाषाण अखंड असतो तेव्हा जेवढी जागा व्यापतो, त्याच्या साधारण दीडपट जागा फोडल्यावर लागते. शंभर ब्रास कातळ फोडला की दीडशे ब्रासचा ढीग. हा ढीग कितीही रचा, त्याची कड साधारण सदतीस-अडतीस अंशांवर स्थिरावते. त्याहून उभी झाली की घसरते. हिशेब मुलांकडून करून घ्यावा. दहा मीटर उंच ढिगाच्या कडेला पायथ्याशी जवळजवळ तेरा मीटर जागा हवी. कोळसा आणि तेल सोडून इतर खाणींना लागू असलेल्या १९६१ च्या नियमांत खोदकाम हद्दीपासून साडेसात मीटर आत ठेवायला सांगितले आहे. या पट्ट्यातच ढीग ओतला, तर उरलेला उतार कुठे जाणार? तुमच्या वावरात. त्यात पावसाळा आला की भुकटीचा गाळ खाली उतरतो. मोठा धोंडा निदान दिसतो तरी. गाळ जमिनीची तोंडे बुजवतो, आणि ते पीक पिवळे पडल्यावरच कळते.

सुरुंगाने उडालेल्या दगडाची गोष्ट वेगळी. तिथे प्रश्न जिवाचा आहे, आणि तेव्हा अर्ज लिहीत बसू नये. आधी पोलिसांना कळवावे.

दगड दिसला की माणसाला दोन गोष्टी सुचतात. एक, जेसीबी लावून तो परत ढकलून द्यावा. दुसरी, आलाच आहे तर ट्रॅक्टरभर विकून टाकावा. दोन्ही टाळा. ढकललात तर पुरावा गेला, आणि वर भांडण. विकायला नेलात तर गौण खनिजाच्या वाहतुकीचा परवाना कुठे आहे, असे महसूलवाले तुम्हालाच विचारतील. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये बेकायदा काढलेल्या किंवा नेलेल्या खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. दगड त्याचा, दंड मात्र तुमच्या अंगावर, असे व्हायला नको!

म्हणून दगड जागेवर असतानाच फोटो काढा. मागे एखादे झाड किंवा विहीर दिसू द्या, म्हणजे जागा ओळखता येते. तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) पंचनाम्याचा लेखी अर्ज करा आणि अर्जाची पोच घ्या. पंचनाम्यात दगड किती आला, किती गुंठे अडले आणि पीक कोणते होते, हे येऊ द्या. बांधाविषयी वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्या. या मोजणीला लोक कंटाळतात, पण माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा पाया तोच आहे. हद्दच ठरलेली नसेल तर दगड पलीकडून आला हे म्हणायचे कशावरून?

मग खाणवाल्याला नोटीस द्यावी. दगड त्याने स्वखर्चाने उचलावा, ढीग मागे घ्यावा, पायथ्याशी भिंत आणि पाण्याला चर काढावा, एवढे मागा. नुसता दगड उचलून भागत नाही. ढीग तिथेच राहिला तर पुढच्या मृगात पुन्हा तेच. एक प्रत जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना द्या. त्रास साऱ्या वस्तीला किंवा रस्त्याला होत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. वेल्समध्ये एका खाणीचे दगडाचे तुकडे, धूळ आणि हादरे यांनी आसपासचे लोक त्रासले होते. १९५७ साली तिथल्या अपील न्यायालयाने तो सार्वजनिक उपद्रव मानला. परिसरातल्या प्रत्येक माणसाला त्रास झाल्याचे सिद्ध करावे लागत नाही, असेही न्यायालयाने सांगितले. आपल्याकडचे वकीलही हा निकाल दाखवतात.

त्रास तुमच्या एकट्याच्या शेताला असेल तर दिवाणी न्यायालय आहे. तिथे दगड उचलण्याचा आदेश आणि भरपाई, दोन्ही मागता येतात. जमिनीवरच्या अतिक्रमणाच्या भरपाईला मुदत तीन वर्षांची असते. आणखी एक मुदत ध्यानात ठेवा, बारा वर्षांची. नुसता दगड पडून राहिला म्हणून जमीन जात नाही. परंतु खाणवाल्याने त्या तुकड्याला कुंपण घातले, वाट पाडली, तो आपलाच म्हणून उघडपणे वापरला, आणि तुम्ही बारा वर्षे हूं की चूं केले नाही, तर तो उलटा हक्क सांगू शकतो. पोच घेतलेला अर्ज अशा वेळी कामी येतो. तो सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर एकाच पिशवीत ठेवावा, आणि घरातल्या आणखी एकाला तरी ती पिशवी कुठे आहे ते सांगून ठेवावे.