शुश्रूषा : एका शब्दाचा मूळ अर्थ

ज्यांच्या स्मरणार्थ आपली शाळा हे व्याख्यान योजते, त्या बाईंनी 1964 साली नववीच्या वर्गात आम्हांला संस्कृतातील इच्छार्थक शब्द शिकवले. पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा, जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा, असे फळ्यावर लिहीत त्या शेवटच्या शब्दापाशी आल्या आणि खडू खाली ठेवून म्हणाल्या, "आता शुश्रूषा म्हणजे काय, ते सांगा." आम्ही एकमुखाने उत्तर दिले, "आजाऱ्याची सेवा." बाई हसल्या. "ते नंतर. आधी ऐकण्याची इच्छा. ज्याला ऐकायचेच नाही, तो सेवा कसली करणार?"

परीक्षेत त्या प्रश्नाचे पूर्ण गुण मला मिळाले. अर्थ मात्र कळायला पुढे चौदा वर्षे जावी लागली.

मी वैद्य नव्हे. माझी पदवी भाषेची आणि उभी हयात मराठी शिकवण्यात गेली. तरीही मनोरुग्णांची शुश्रूषा हा विषय मी आज घेतला आहे, कारण या देशात बहुसंख्य मनोरुग्णांची शुश्रूषा इस्पितळात होत नाही, ती घरात होते. ती करणारी माणसे माझ्यासारखीच अप्रशिक्षित असतात. माझ्या चुका ऐकून एखाद्या घरातील तशी चूक टळली, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन. पुढील हकिकत माझ्या धाकट्या भावाची आहे आणि ती सांगण्यास त्याची अनुमती आहे.

1978 साली तो बावीस वर्षांचा होता. प्रथम त्याचे मित्रांत जाणे थांबले. मग तो रात्र रात्र जागू लागला. पुढे एके दिवशी म्हणाला, "अण्णा, रेडिओवरच्या बातम्यांत माझे नाव घेतात." आम्ही बेळगावची वादपटू माणसे, मी वाद घातला. रेडिओपाशी वही घेऊन बसलो, बातम्यांतील वाक्ये उतरून काढली आणि त्याच्यापुढे धरून विचारले, "दाखव, यात तुझे नाव कुठे आहे?" त्याने वही पाहिली आणि हळू आवाजात म्हणाला, "तुलाही त्यांनी सामील करून घेतले तर."

येथे दोन शब्दांचा भेद समजून घ्यावा. प्रत्यक्षात नसलेला आवाज ऐकू येणे हा भास. आणि कोणत्याही पुराव्याने न ढळणारी चुकीची समजूत हा भ्रम. ज्या आजारांत भास, भ्रम आणि विचारांची विस्कळीत अवस्था यांमुळे माणसाचा वास्तवाशी असलेला सांधा निखळतो, त्यांना सायकोसिस किंवा चित्तविकृती म्हणतात. स्किझोफ्रेनिया हा त्यांतील एक प्रमुख आजार. जगभरात सुमारे तीनशे माणसांमागे एकाला तो असतो. स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908 साली हे नाव योजले. त्याचा 'छिन्नमनस्कता' हा मराठी प्रतिशब्द अचूक असला, तरी त्यातून एका देहात दोन व्यक्ती नांदतात असा गैरसमज पसरला आहे. तसे नसते. विचार, भावना आणि जाणीव यांची एकमेकांशी असलेली वीण उसवते, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे.

भ्रम हा तर्कातील दोष नसतो. म्हणून तो तर्काने दुरुस्त होत नाही. उलट आपण जितके पुरावे द्यावेत, तितका रुग्ण आपल्याला विरुद्ध पक्षात ढकलतो. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तो घेईना, म्हणून मी त्यांची पूड करून आमटीत मिसळू लागलो. आठव्या दिवशी त्याला कडवट चव लागली. वाटी खाली ठेवून तो नुसता माझ्याकडे पाहत राहिला. अन्नात काहीतरी घालतात, हा त्याचा संशय तोवर भ्रम होता. मी तो खरा करून दाखवला होता. त्या दिवसापासून त्याने घरचे अन्न सोडले आणि अखेर त्याला इस्पितळात ठेवावे लागले. असे करणारी घरे आजही अनेक आहेत आणि ती प्रेमापोटीच करतात, हे मी जाणतो. परंतु पुढील अनेक वर्षे ज्या विश्वासावर औषध घेतले जायचे असते, तोच अशाने पहिल्या महिन्यात खर्ची पडतो.

इस्पितळातील परिचारिका कानडीभाषक होत्या आणि त्यांचे मराठी मोडके होते. सीमाभागात भाषेसाठी भांडण्यात ज्याचे तारुण्य गेले, अशा मला सुरुवातीस ते खटकलेही. रोज दुपारी चार वाजता त्या भावाच्या खाटेपासून थोड्या अंतरावर स्टूल ठेवून बसत. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "मी रोज चारला येणार, दहा मिनिटे बसणार. बोललात तरी चालते, नाही बोललात तरी चालते." पाच दिवस तो बोलला नाही. त्या येऊन बसत आणि दहा मिनिटांनी उठून जात. सहाव्या दिवशी त्याने विचारले, "तुम्हांला ऐकू येते का ते?" मी दारात उभा होतो. त्या म्हणाल्या, "मला नाही ऐकू येत. पण तुम्हांला येते, आणि त्याची भीती वाटते, हे दिसते मला."

त्यांनी होकार दिला नाही. तो असत्य ठरला असता. वादही घातला नाही. भासाची सत्यता बाजूला ठेवून भीतीची सत्यता त्यांनी मान्य केली. मनोरुग्णपरिचर्येचे हे मुख्य सूत्र आहे, हे मी नंतर ग्रंथांत वाचले. त्यानंतर त्यांनी गोळी वेष्टनासकट त्याच्या हातावर ठेवली, तिचे नाव सांगितले, तिने तोंडाला कोरड पडेल हेही सांगितले. त्याने ती घेतली.

काही दिवसांनी तो अहोरात्र येरझारा घालू लागला. एका जागी बसेना. आजार बळावला, असे आम्ही धरून चाललो. सिस्टरांनी त्याला विचारले, "मन पळते की पाय पळतात?" तो म्हणाला, "पाय." ही अस्वस्थता औषधाचा परिणाम होती; वैद्यकात तिला अकाथिझिया म्हणतात. तिला रोग समजून औषध वाढवले, तर त्रास वाढतो. त्यांनी डॉक्टरांना कळवले, मात्रा बदलली आणि चार दिवसांत तो शांत झोपू लागला. औषध डॉक्टर लिहून देतात. पण ते देहात काय करते आहे, हे चोवीस तासांत कोण पाहते, याचे उत्तर मला तेव्हा मिळाले.

या परिचर्येला शास्त्राचे रूप देणाऱ्यांत अमेरिकेच्या हिल्डगार्ड पेप्लाउ यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा ग्रंथ 1948 सालीच लिहून झाला होता. परंतु डॉक्टरांचे नाव सहलेखक म्हणून नसताना परिचारिकेने ग्रंथ लिहावा, हे त्या काळी रुचणारे नव्हते. तो 1952 साली प्रसिद्ध झाला. परिचारिका आणि रुग्ण यांचे नाते हेच उपचाराचे साधन आहे आणि त्या नात्याला ओळख, प्रत्यक्ष काम व निरोप असे टप्पे असतात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश सांगता येईल. योगायोग असा, की त्याच 1952 साली पॅरिसमध्ये जाँ दले आणि प्येर दनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांवर वापरून त्याचे गुण जगापुढे मांडले. आपल्याकडे त्यापूर्वीच, 1931 साली, गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या उपयोगाविषयी लिहिले होते. औषध आणि नाते हे दोन्ही हात तेव्हापासून एकमेकांस पूरक ठरले आहेत. चित्तविकृतीत औषधाला पर्याय नाही, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

घरच्यांच्या वागण्याचा परिणामही अभ्यासकांनी तपासला आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांना असे आढळले, की इस्पितळातून सुटलेल्या ज्या रुग्णांच्या घरी सतत टीका, राग किंवा अतिरेकी काळजी असते, त्यांचा आजार अधिक वेळा उलटतो. चंडीगड येथील याच प्रकारच्या अभ्यासात, जो 1987 साली प्रसिद्ध झाला, भारतीय कुटुंबांत अशी टीका तुलनेने कमी आढळली. आपल्या एकत्र कुटुंबांचे हे बळ आहे. मात्र अतिरेकी काळजी हीदेखील घातक असते, हे विसरू नये. आंघोळ, जेवण, थोडे काम, ठरलेल्या वेळी झोप एवढा साधा दिनक्रम रुग्णाचा रुग्णाला सांभाळू द्यावा.

व्यक्तिमत्त्वविकार ही निराळी गोष्ट. चित्तविकृती बहुधा चांगल्या चाललेल्या आयुष्यात मध्येच येते. येथे मात्र भावना, नाती आणि स्वतःविषयीची कल्पना यांची घडणच किशोरवयापासून अशी ताठर किंवा अस्थिर होते, की माणूस स्वतःही पोळतो आणि इतरांनाही पोळवतो. त्याचे प्रकार अनेक आहेत. त्यांतील 'बॉर्डरलाइन' म्हणून ओळखला जाणारा प्रकार शुश्रूषेची सर्वांत कठीण परीक्षा घेतो. टाकून दिले जाण्याची तीव्र भीती, आज देव मानलेल्याला उद्या शत्रू मानणे, आणि स्वतःला इजा करणे ही त्याची लक्षणे.

तपशील मुद्दाम बदलून एक अनुभव सांगतो. 1990 नंतरच्या दशकात माझी एक विद्यार्थिनी म्हणे, "सर, मला फक्त तुम्ही समजून घेता." मी सुखावलो आणि म्हणालो, "केव्हाही ये." ती केव्हाही येऊ लागली. दोन महिन्यांत मी थकलो आणि दार न उघडण्याच्या सबबी शोधू लागलो. एके रात्री तिने मनगट कापून घेतले. माझ्या एक सहकारी प्राध्यापिका तिला नाटकी म्हणत. मी त्यांना निष्ठुर म्हणत असे. आम्हा दोघांचे बोलणेही बंद झाले.

पुढे टॉम मेन या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांचा 1957 सालचा निबंध वाचनात आला आणि मी त्यात स्वतःला पाहिले. काही रुग्णांवरून परिचारिकांत तट कसे पडतात, याचा शोध त्यांनी परिचारिकांशीच मोकळेपणी बोलून घेतला होता. त्यांत असे उघड झाले, की झोपेचे औषध पुष्कळदा रुग्णाची गरज म्हणून दिले जात नव्हते. परिचारिकेची स्वतःची सहनशक्ती संपली, त्या क्षणी ते दिले जात होते. दुसऱ्याचे ऐकण्याआधी आपल्या मनातील दया, राग आणि थकवा ऐकावा लागतो, ही शुश्रूषेची दुसरी बाजू मला तेथे उमगली.

मी त्या प्राध्यापिकांकडे गेलो. दोघांनी मिळून ठरवले : मंगळवारी तीन ते साडेतीन, दोघांचे सांगणे एकच, आणि धोक्याच्या वेळी डॉक्टर. "केव्हाही ये" या वचनापेक्षा पाळता येणारा अर्धा तास तिला अधिक आधार देणारा ठरला. मनोविकारतज्ज्ञांचे उपचार सुरू झाले. ती परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली. या विकारात औषधांचा उपयोग मर्यादित असून संवादोपचार मुख्य असतो. त्यासाठी एक परिणामकारक पद्धत घडवणाऱ्या अमेरिकेच्या मार्शा लिनहान यांनी 2011 साली जाहीर केले, की तारुण्यात आपणही अशाच यातनांतून गेलो होतो. हा स्वभाव म्हणजे जन्मठेप नव्हे. दीर्घकालीन पाहणीत बहुसंख्यांची तीव्र लक्षणे ओसरलेली दिसतात.

ऐकणे सोडले, की काय उरते? 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या 28 मनोरुग्णांना पळता आले नाही. ती माणसे होरपळून मेली. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंडास बंदी घातली आहे. तत्काळ धोका टाळण्याचा दुसरा उपाय नसेल तरच रुग्णाला जखडता येते. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून कधीही नाही. बरे असताना आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, हे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्कही या कायद्याने रुग्णाला दिला आहे. ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर उपलब्ध आहे. कोणी मरणाची भाषा बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नये, सरळ शब्दांत विचारावे आणि मदत घ्यावी. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही.

माझा भाऊ आता सत्तरीला टेकला आहे. आवाज पूर्णपणे गेलेले नाहीत. रोज चार वाजता चहा घेताना मी विचारतो, "आज कसे आहेत?" तो कधी म्हणतो, "गप्प आहेत," कधी म्हणतो, "आज जास्त आहेत, अण्णा." मग आम्ही थोडे फिरून येतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. बाई भेटल्या, की हटकून विचारीत, "धाकटा कसा आहे रे?" तोही त्यांचाच विद्यार्थी. मी दर वेळी उत्तर दिले, "बाहेरगावी नोकरीला आहे." ज्यांनी मला त्या शब्दाचा अर्थ शिकवला, त्यांना ऐकायचे होते आणि मीच सांगितले नाही. बाई गेल्या. ते उत्तर मी आज, त्यांच्याच शाळेत, दुरुस्त करतो आहे. तो येथेच आहे, बाई. आज तो माझ्याबरोबर आला आहे आणि शेवटच्या बाकावर बसला आहे.