108 पीसचा डबा घेऊ का? गाडीच्या घरगुती कामासाठी हत्यारं कशी निवडायची

ज्यांना अख्खा भाग ऐकायला वेळ नाही, किंवा हार्डवेअरच्या दुकानात उभं राहून मोबाईलवर पटकन आकडे बघायचेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना आलेली 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमेल तेवढी कापली आहेत. बाकी तसंच.

विषय निघाला नेवाशातल्या एका श्रोत्याच्या मेसेजवरून. भाऊंनी सेकंडहँड स्विफ्ट घेतलीय. सेलमध्ये 108 पीसचं टूलकिट दिसतंय, निळ्या डब्यात, चकाचक. "दादा, घेऊ का?" मी उलटा प्रश्न टाकला: तुझ्या गाडीच्या चाकाचा नट किती नंबरचा आहे? दिवसभर उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी फोटो आला, 19 चा पाना नटावर बसवलेला. म्हटलं, शाब्बास, आता बोलू.

कारण सगळा खेळ इथेच आहे. आपण डबा आधी बघतो आणि गाडी नंतर. 108 हा आकडा जपमाळेला शोभतो, पाने-पक्कडला नाही. अशा सेटची यादी एकदा शांतपणे वाचा. त्यातले तीस-चाळीस नग म्हणजे स्क्रू ड्रायव्हरची छोटी टोकं. मग ॲलन की, मग 4, 5, 6 नंबरच्या चिमुकल्या गोट्या. (सॉकेटला गॅरेजमध्ये गोटी म्हणतात, मीही तेच म्हणणार.) गाडीच्या बॉनेटखाली यातलं फारसं काही लागत नाही. आणि चाकासाठी लागणारी मोठी गोटी आणि तिला पेलणारं लांब हँडल, नेमकं तेच बऱ्याच सेटमध्ये नसतं.

आधी नंबर समजून घेऊ. मारुती किंवा जपानी वळणाची गाडी असेल तर 8, 10, 12, 14, 17 आणि 19 एवढ्यात घरगुती कामं उरकतात. टाटा-महिंद्राच्या गाडीत 13 ची गाठ हमखास पडते. ह्युंदाईच्या चाकांना बहुतेक वेळा 21 लागतो. 10 नंबर सगळ्यात जास्त वापरला जातो आणि सगळ्यात आधी हरवतो, म्हणून 10 ची गोटी दोन घ्या. हा विनोद नाही.

सेटमध्ये इंचातले पाने असतील तर सोडून द्या. आपल्या रस्त्यावरच्या आजच्या गाड्यांचे नटबोल्ट मिलिमीटरमध्ये असतात. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिमी, ते 19 वर चालून जातं. पण अर्धा इंच म्हणजे 12.7, ते 13 च्या नटात नीट शिरत नाही. आणि पाव इंचाचे तुकडे जोडून "जवळपास बसतंय" म्हणत फिरवलं की नटाचे कोपरे गोल होतात. एकदा कोपरे गेले की पाच मिनिटांच्या कामाला छन्नी-हातोडी लागते.

इंच मात्र एका जागी अजून टिकून आहे: रॅचेटच्या चौकोनी टोकात. पाव, तीन अष्टमांश आणि अर्धा. दुकानदार सुतात बोलेल, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "तीन सुती रॅचेट दाखवा" म्हटलं की तीन अष्टमांशवाला हातात येतो. घरी एकच रॅचेट घ्यायचा असेल तर माझं मत याच मधल्या मापाला. पाव इंची नाजूक पडतो, अर्धा इंची बॉनेटखालच्या अडचणीत फिरत नाही. चाकासाठी अर्ध्या इंचाचं हँडल वेगळं घ्यायचंच आहे.

आणि आता चाक. इथे थोडा वेळ थांबणार आहे, कारण बाकी सगळं चुकलं तरी गाडी दारात उभी असते. चाकाचं चुकलं तर तुम्ही रस्त्यावर असता.

माझे मामा नेवाशाचे. गेल्या हिवाळ्यात आजीला संभाजीनगरला डॉक्टरकडे दाखवून वॅगनआरने परत येत होते. रात्रीचे साडेनऊ, प्रवरासंगमचा पूल ओलांडला आणि मागचं चाक बसलं. स्टेपनीत हवा होती, जॅक होता, पाना होता. मामांची तयारी पूर्ण होती. पण नट हलेना. महिन्यापूर्वी टायर बदलले होते, तेव्हा दुकानातल्या पोराने हवेच्या गनने नट असे आवळले होते की गाडीसोबत आलेल्या वाकड्या पान्यावर मामा अक्षरशः उभे राहिले तरी काही नाही. पाना सटकला, मामांची नडगी सोलली गेली. साखर कारखान्यांचा सीझन, उसाच्या ट्रॉल्या अंगावरून जाताहेत, त्यातल्या निम्म्यांना मागे लाइट नाही. आजी मागच्या सीटवर. शेवटी एका ट्रकवाल्या काकांनी थांबून लोखंडी पाइप पान्याला अडकवला आणि दोन हिसक्यांत नट सुटला.

ट्रकवाले काका मामांपेक्षा ताकदवान नव्हते, त्यांचा दांडा लांब होता. हिशोब बघा. छोट्या गाड्यांच्या चाकाचे नट साधारण 85 ते 110 न्यूटन मीटर एवढे आवळायचे असतात, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. गाडीसोबतचा पाना समजा 25 सेंटीमीटरचा. 60 किलोचा माणूस त्याच्या टोकावर उभा राहिला तर पडणारा पीळ सुमारे 147 न्यूटन मीटर. गनने याच्याही पुढे आवळलं असेल तर संपलं. आता दांडा 50 सेंटीमीटरचा घ्या. तेवढाच पीळ 30 किलोच्या जोरात मिळतो, आणि 30 किलो म्हणजे दोन्ही हातांनी नीट दाबणं. उभं राहायची, उड्या मारायची गरज नाही. तुमची बहीण, आई, कोणीही करू शकतं.

म्हणून पहिली खरेदी ही: अर्ध्या इंचाचं, दीड-दोन फुटी सरळ हँडल, म्हणजे ब्रेकर बार. रॅचेट नाही, साधा दांडा. त्याला तुमच्या नटाच्या मापाची सहाकोनी खोल गोटी. बारा कोनांची घेऊ नका. सहाकोनी गोटी नटाच्या सपाट बाजूंवर जोर देते, बाराकोनी कोपऱ्यांजवळ, आणि गंजलेल्या किंवा जास्त आवळलेल्या नटाचे कोपरे आधी तीच खाते. ही जोडी कायम डिकीत. गाडीला अलॉय व्हील असतील तर गोटीची भिंत पातळ आहे ना, ती खाचेत शिरते ना, हे दुकानाबाहेरच लावून बघा. काही गाड्यांना चोरीपासून वाचवणारा एक वेगळा नट असतो, त्याची चावी डॅशबोर्डच्या खणात आहे का तेही बघा. सेकंडहँड गाडीत ती हमखास गायब असते.

नट अर्धा फेरा सैल करायचे ते गाडी जमिनीवर असताना, जॅक लावण्याआधी. हवेत असताना जोर लावला तर गाडी जॅकवरून सरकते. समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये. आणि आपल्या भागासाठी खास: जॅकखाली फळी. नेवासा तालुक्याची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी असते, पण एक पाऊस झाला की जॅकचा पाय लोण्यात गेल्यासारखा खाली जातो. फूटभर लांबीची, इंचभर जाडीची लाकडी फळी सुताराकडे फुकट मिळते. माझ्या मते अख्ख्या किटमधलं सगळ्यात किफायतशीर हत्यार हेच. गाडीसोबतचा कात्री जॅक फक्त चाक बदलण्यासाठी. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही. कधीच नाही. खाली जायचंच असेल तर जॅक स्टँडची जोडी घ्या, नाहीतर गॅरेजला जा.

परत आवळताना टॉर्क रेंच. हा पाना ठरवलेल्या पिळाला 'कट्ट' करून सांगतो की बास. तो स्वस्त नाही, आणि घरटी एक लागतो असंही नाही. चार मित्रांत, वाड्यात किंवा सोसायटीत एक पुरतो. टायरचं काम झालं की घरी येऊन नट सैल करा आणि मॅन्युअलच्या आकड्याला परत आवळा, समोरासमोरचे, चांदणी काढल्यासारखे. मामा आता हेच करतात. शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासा. टॉर्क रेंचने नट सोडवायचे नाहीत, आणि ठेवताना त्याचा आकडा सगळ्यात खाली आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग थकते.

बॉनेटखालचं पटकन सांगतो. बॅटरीच्या टर्मिनलला बहुतेक वेळा 10 नंबर. काढताना आधी वजा, लावताना वजा शेवटी. उलटं केलंत आणि अधिकवर असलेला पाना बॉडीला टेकला की ठिणगी, वितळलेला पाना, भाजलेला हात. एअर फिल्टरला बहुधा क्लिपा किंवा चार स्क्रू. एसीचा केबिन फिल्टर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या खणामागे असतो, त्याला हत्यारच लागत नाही, तरी गॅरेजमध्ये त्याची मजुरी लागते. मारुतीच्या 1.2 लिटर के-सिरीज इंजिनाला स्पार्क प्लगसाठी 16 ची खोल गोटी लागते, आतून रबर किंवा चुंबक असलेली, जुन्या गाड्यांना 21 ची. प्लग पहिल्यांदा हाताने फिरवून बसवा. रॅचेटने सुरुवात केली आणि आटे तिरके धरले तर ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात, आणि ते काम हजारांत जातं.

स्क्रू ड्रायव्हर दोन पुरेत: फुलीचा 2 नंबर आणि एक चपटा. एक गंमत सांगतो. जपानी गाड्यांमधले काही फुलीचे स्क्रू नेहमीच्या फिलिप्ससारखे दिसतात, पण त्यांची खाच जपानी मापाची असते. साधा फिलिप्स त्यातून उसळून वर येतो आणि खाच खराब करतो. तेव्हा दोष तुमच्या मनगटाचा नसतो. ड्रायव्हरचं टोक थोडं घासून घेतलं किंवा जपानी मापाचा मिळाला तर स्क्रू मुकाट्याने सुटतो.

पाने घेताना कॉम्बिनेशन घ्या, एका टोकाला फिक्स, दुसऱ्याला रिंग. फिक्स टोक नटाला दोनच बाजूंनी धरतं, त्यामुळे सोडवायचा पहिला जोर नेहमी रिंगने. स्लाइड पाना, तो कमी-जास्त होणारा, घरच्या नळाला ठीक आहे, गाडीला नको. पक्कड मात्र चांगली हवी. आपल्याकडे पक्कड म्हटलं की तोंडात टपारिया येतं, आणि त्यांचा कारखाना नाशिकचा आहे हे किती जणांना माहीत असतं? नावाजलेल्या मालाची नक्कलही फिरते, म्हणून ओळखीच्या दुकानातून, बिलासकट. पान्यावर 'क्रोम व्हॅनेडियम'चा ठसा बघा, पण फक्त ठशावर जाऊ नका. गोटी नटावर बसवून हलवून बघा, खडखड करत असेल तर परत ठेवा. रॅचेटचे दात विचारा: 24 दातांना पुढची पकड यायला 15 अंश फिरवावं लागतं, 72 दातांना 5 अंश. इंजिन आणि बॅटरीच्या फटीत हात घातला की हा फरक कळतो. पुण्यात राहणाऱ्यांनी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारावी. जुने जाड पाने नव्या स्वस्त सेटपेक्षा कधीकधी सरस निघतात.

ऑइल घरी बदलू का, असं दोघांनी विचारलंय. बदलता येतं, पण मी सुचवणार नाही. ड्रेन बोल्ट जास्त आवळून चेंबरचे आटे घालवायची भीती, आणि चार लिटर काळं ऑइल टाकणार कुठे? ओढ्यात ओतलं तर ते प्रवरेलाच जाणार. ब्रेक, सीएनजीची लाइन, पिवळ्या वायरी (एअरबॅगच्या) आणि हायब्रिडमधल्या नारिंगी केबल, यांना हात लावू नका, हत्यार कितीही भारी असो.

तर स्विफ्टवाल्या भाऊंची यादी अशी झाली: दांडा आणि 19 ची गोटी, फळी, तीन सुती रॅचेट, 8 ते 17 च्या सहा-सात गोट्या, सहा इंची एक्स्टेन्शन, तेवढ्याच नंबरांचे कॉम्बिनेशन पाने, दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, हवा मोजायचा गेज, डोक्याला बांधायची बॅटरी आणि ट्यूबलेस पंक्चरचं किट. टॉर्क रेंच चुलतभावासोबत अर्धा-अर्धा. डिकीत सीएनजीची टाकी असल्यामुळे सगळं जुन्या जीन्सच्या पायात गुंडाळून स्टेपनीशेजारी बसवलंय, खडखडाट नाही.

आता तुम्ही एक करा. आज गाडी दारात, सपाट जागेवर, उजेडात उभी आहे तोवर चाकाचा एक-एक नट तुमच्या पान्याने सुटतो का बघा, आणि मॅन्युअलच्या आकड्याला परत आवळा. नाही सुटला तर नंबर आणि गाडीचं मॉडेल व्हॉट्सॲपवर पाठवा. पुढच्या भागात बॅटरी आणि जंपर केबल.